पेटीत आहे, शोधात नाही: एका ईमेल-इंडेक्सच्या विस्ताराचे प्रकरण

पत्र पेटीत आहे पण शोधात येत नाही, ही तक्रार जुनी आहे, आणि बहुतेक वेळा शोधणाऱ्यानेच शब्द चुकीचा टाकलेला असतो. म्हणून एका सहकाऱ्याने ती आणली तेव्हा मी आधी त्याच्या शोधवाक्यातच चूक हुडकू लागलो. चूक नव्हती. तेच शोधवाक्य माझ्या संगणकावर चालवल्यावर पत्र लगेच आले. त्याच्या संगणकावर ते काही केल्या येईना. दोघांकडे एकाच सामायिक संग्रहाची प्रत होती, ईमेल शोधण्याचे साधन तेच होते, त्याची आवृत्तीही तीच होती, आणि पत्राची फाइल त्याच्या डिस्कवर उघडून वाचता येत होती. तेच टपाल, तोच प्रश्न, आणि उत्तरे मात्र दोन.

या विसंगतीचा माग काढताना साधनाला एक छोटी जोड द्यावी लागली, ती दोनदा मोडून पुन्हा लिहावी लागली, आणि तिसऱ्या खेपेस ती जशी झाली तशी ती पहिल्यापासून का सुचली नाही, याचा विचार आजही मनात येतो. त्या सगळ्या कामाची ही नोंद आहे.

साधन कसे चालते

आम्ही वापरत होतो ते साधन म्हणजे नॉटमच. कार्ल वर्थ यांनी ते २००९ मध्ये सी भाषेत लिहायला घेतले. त्याआधी रुबी भाषेतला सप नावाचा ईमेल प्रोग्राम होता. टॅग (पत्राला लावलेली खुणेची चिठ्ठी) आणि शोध यांच्या आधारे पत्रव्यवहार हाताळण्याची कल्पना तिथली, आणि मोठ्या संग्रहावर ती वेगाने चालावी ही नॉटमचमागची प्रेरणा. नाव मुद्दाम विनयाचे आहे. हा प्रोग्राम पत्रे आणत नाही, पाठवत नाही. डिस्कवर आधीच आलेल्या पत्रांचा इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या पत्रात आहे याची सूची, करतो आणि विचारल्यावर शोधून देतो, एवढेच त्याचे काम. पत्राची रचना उलगडण्यासाठी तो जीमाइम ही लायब्ररी वापरतो आणि शोधासाठी झेपियन हे मुक्तस्रोत शोध-इंजिन.

पत्रे सहसा मेलडिर पद्धतीने साठवलेली असतात: एका पत्राची एक फाइल, आणि प्रत्येक पेटीत न्यू, कर आणि टेम्प असे तीन फोल्डर. साधन या फाइलींच्या मजकुराला हात लावत नाही. वाचले-न वाचले यांसारखी चिन्हे मेलडिरच्या प्रथेप्रमाणे फाइलीच्या नावात ठेवता येतात, आणि ती सोय चालू असल्यास साधन ते नाव बदलते. पण आतले एक अक्षरही नाही.

झेपियनच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक पत्रासाठी एक डॉक्युमेंट असते आणि त्या डॉक्युमेंटला शब्द चिकटवलेले असतात. मजकुरातले शब्द तसेच जातात. बाकीच्या गोष्टींना ओळखीसाठी पुढे रोमन अक्षर लागते. टॅगला के, मेसेज-आयडीला (पत्राच्या ओळखीच्या खुणेला) क्यू, संवादाच्या धाग्याला जी. आतून पाहिले तर टॅग, धागा आणि मजकुरातला शब्द हे सगळे एकाच जातीचे, एकाच डॉक्युमेंटला चिकटलेले शब्द आहेत. ही रचना देखणी आहे आणि वेगाचे श्रेय बऱ्याच अंशी तिलाच जाते, पण आमचा घोटाळाही तिच्याच पोटात होता. या शब्दांपैकी मजकुराचे शब्द केव्हाही पुसून फाइलीवरून परत काढता येतात. माणसाने लावलेला टॅग मात्र फाइलीत कुठेच नसतो. तो फक्त डेटाबेसमध्ये जगतो. डेटाबेस गेला आणि टॅगांचा बॅकअप नसेल, तर तो टॅग गेला.

निदान

आमच्या संग्रहातील बराच पत्रव्यवहार संदर्भ क्रमांकांभोवती फिरतो. दोन-तीन अक्षरे, तिरकी रेघ, वर्षाचे दोन अंक, आडवी रेघ आणि चार अंकी क्रम, असे त्यांचे रूप. पहिला संशय साहजिकच या रेघांवर गेला. इंडेक्स करताना झेपियन मजकूर शब्दांत तोडतो आणि तिरकी किंवा आडवी रेघ हा त्याच्या दृष्टीने शब्दाचा भाग नसतो, त्यामुळे एक क्रमांक तीन सुट्या तुकड्यांत साठवला जातो. यावर अर्धा दिवस गेला, आणि संशय निराधार निघाला. शोधवाक्य वाचणारा भाग तिरकी रेघ, आडवी रेघ, टिंब, ॲटचे चिन्ह अशा खुणांनी जोडलेले तुकडे दिसले की त्यांचा आपोआप सलग वाक्यांश करतो, आणि शब्दांच्या जागा साठवलेल्या असल्यामुळे तुकडे त्याच क्रमाने लागून आलेली पत्रेच देतो. ईमेल पत्ता टाकून शोधता येतो तो याच सोयीमुळे. तोडणे आणि जोडणे ही दोन्ही कामे आपापल्या जागी बरोबर चालू होती.

मग त्या पत्राचा मेसेज-आयडी घेऊन, त्या पत्राच्या फाइली कोणत्या हे साधनाला विचारले. उत्तरात दोन ओळी आल्या. दोन वेगळे फोल्डर, दोन वेगळ्या फाइली, आयडी एकच.

त्या दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्यावर सगळे उमगले. पाठवणाऱ्याने पत्र एका व्यक्तीला थेट आणि गटाच्या सामायिक पत्त्यावरही धाडले होते. थेट आलेली प्रत जशीच्या तशी होती. सामायिक पत्त्यावरून फिरून आलेल्या प्रतीच्या विषयात कंसात संदर्भ क्रमांक जोडलेला होता आणि तळाशी चार ओळींची सूचना होती. म्हणजे क्रमांक एका प्रतीत होता, दुसरीत नव्हता. आणि साधनाच्या लेखी ही दोन पत्रे नव्हती. एक पत्र, दोन फाइली.

असे मानण्याला आधार आहे. ईमेलच्या रचनेचा नियम, म्हणजे २००८ मधला आरएफसी ५३२२, सांगतो की मेसेज-आयडी जगभरात एकमेव असला पाहिजे. प्रत वाटणाऱ्या यंत्रणा तो बदलत नाहीत आणि बदलूही नये, कारण इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस या हेडरांतून (पत्राच्या माथ्यावरच्या नोंदींतून) उत्तरांचे धागे त्याच्यावरच विणलेले असतात. एकच पत्र तीन वाटांनी आले तर यादीत तीनदा दिसू नये, ही वापरणाऱ्याची अपेक्षाही रास्त आहे. प्रश्न उरतो तो इतकाच, की आयडी एक आणि मजकूर दोन असतील तर इंडेक्स कोणाचा करायचा.

आमच्या संगणकांवर असलेल्या जुन्या आवृत्तीचे उत्तर होते: जी फाइल आधी भेटली तिचा. नंतर आलेल्या फाइलीचे नाव त्याच डॉक्युमेंटला जोडले जाई, पण तिच्या मजकुराला स्पर्श होत नसे. सहकाऱ्याचा डेटाबेस दिवसागणिक वाढत गेला होता आणि त्याच्याकडे थेट प्रत आधी पोहोचली होती. माझा डेटाबेस मी मध्यंतरी पूर्ण संग्रहावरून नव्याने बांधला होता आणि फोल्डर चाळण्याच्या क्रमात सामायिक पत्त्याचा फोल्डर आधी लागला. माझ्या बाजूला पत्र सापडत होते त्यात माझी हुशारी काहीच नव्हती; फोल्डरांचा क्रम माझ्या बाजूने लागला होता.

ही उणीव प्रकल्पाला ठाऊक होती आणि जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ०.२६ या आवृत्तीपासून एकाच आयडीच्या सगळ्या फाइलींचा मजकूर इंडेक्स होऊ लागला. सोयीइतकीच ती सुरक्षिततेचीही गोष्ट होती, कारण पहिल्या फाइलीलाच मान देणाऱ्या इंडेक्समध्ये एखाद्या पत्राचा आयडी ठाऊक असलेला माणूस तोच आयडी घालून भलताच मजकूर आधी पोहोचवू शकतो, आणि मग खरे पत्र डिस्कवर असूनही शोधापुरते नाहीसे होते.

आम्ही आवृत्ती वाढवली. पत्र तरीही आले नाही. हे मात्र आमच्या लक्षात यायला हवे होते: नवा नियम नव्याने येणाऱ्या फाइलींना लागू होतो, पूर्वी इंडेक्स झालेल्या डॉक्युमेंटना नाही. त्यासाठी त्याच आवृत्तीत आलेली रीइंडेक्स ही आज्ञा आहे. ती दिल्यावर साधन पत्राचे काढीव, म्हणजे फाइलीवरून काढलेले, शब्द पुसते, त्याच्या सर्व फाइली पुन्हा वाचते आणि टॅग जागच्या जागी ठेवते. संपूर्ण संग्रहावर ती चालवायला बराच वेळ गेला. त्याआधी डंप आज्ञेने टॅगांचा बॅकअप एका साध्या मजकुराच्या फाइलीत काढून ठेवला. पत्र सापडले. मूळ तक्रार इथे मिटली होती आणि शहाण्या माणसाने इथेच थांबायला हवे होते.

पहिली जोड: टॅग

थांबलो नाही, कारण पत्रे तपासताना दुसरी गोष्ट नजरेला आली. लोक क्रमांक हवा तसा लिहितात. कोणी तिरक्या रेघेच्या जागी मोकळी जागा सोडतो, कोणी पुढची शून्ये गाळतो, कोणी अक्षरे वगळून नुसते शेवटचे दोन भाग देतो. वाक्यांशाचा शोध यांतले एकच रूप पकडतो. हवे होते ते असे: प्रत्येक पत्रातले क्रमांक ओळखावेत, त्यांना एका ठरीव रूपात आणावे, आणि त्या रूपावर शोध घेता यावा.

साधनात विस्तारासाठी हुक आहेत. नवी पत्रे इंडेक्स झाली की पोस्ट-न्यू नावाची स्क्रिप्ट, असल्यास, आपोआप चालते. मी पायथनमध्ये साठेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. नवी पत्रे घ्यायची, त्यांची फाइल वाचायची, नमुन्याशी जुळणारे क्रमांक काढायचे, ठरीव रूपात आणायचे आणि टॅग म्हणून लावायचे. टॅग निवडले कारण ते हाताशी होते. याहून सखोल विचार त्यामागे नव्हता हे कबूल केले पाहिजे.

पहिला आठवडा छान गेला. मग गाऱ्हाणी सुरू झाली. टॅग टाइप करताना जी यादी खाली उघडते ती आधी एका नजरेत मावत असे. आता तिच्यात क्रमांकांची रांगच रांग लागली आणि ‘तातडीचे’ हा टॅग शोधायला खाली-वर करावे लागू लागले. टॅगांचा बॅकअप आम्ही गिटमध्ये (बदलांचा इतिहास राखणाऱ्या साधनात) ठेवत असू, म्हणजे कोणी काय बदलले ते रोज दिसावे. त्या फरकांत माणसाने केलेले दोन बदल यंत्राने केलेल्या शेकडो बदलांखाली गाडले जाऊ लागले.

हे सोसता आले असते. खरा पेच पुढे आला. माझा नमुना ढिला होता आणि काही तारखा व एका सहीतला दूरध्वनी क्रमांक संदर्भ क्रमांक म्हणून टिपले गेले होते. नमुना घट्ट केला. आता जुने चुकीचे टॅग काढायचे होते, आणि साधा उपाय म्हणजे या जातीचे सगळे टॅग पुसून स्क्रिप्ट पुन्हा चालवणे. पण मधल्या काळात त्या सहकाऱ्याने, ज्या पत्रांत क्रमांक लिहिलाच नव्हता पण प्रकरण कोणते हे त्याला माहीत होते, अशा बऱ्याच पत्रांना तेच टॅग हाताने लावले होते. यंत्राचा टॅग आणि माणसाचा टॅग डेटाबेसमध्ये सारखेच दिसतात. कोणता पुसायचा आणि कोणता राखायचा हे सांगणारी खूण कुठेच नव्हती. शेवटी गिटमधला इतिहास चाळून, त्याच्या नावावर असलेले बदल वेगळे काढून, ते हाताने जपावे लागले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. गिट नसते तर गेलेले परत आले नसते.

साधनाने हाच प्रश्न आधी सोडवला होता

चिडून मी रीइंडेक्सचा मूळ कोड वाचायला बसलो. ती आज्ञा टॅग राखते म्हणतात, मग नेमके कसे राखते, हे पाहायचे होते. तिथे जे दिसले त्यामुळे या प्रकरणाची दिशा बदलली. काढीव शब्द पुसल्यावर कोड पत्राचे टॅग एकेक करून परत लावतो, पण तीन टॅग वगळून: एन्क्रिप्टेड, साइन्ड आणि अटॅचमेंट. हे तीन माणूस लावत नाही. पत्र वाचताना साधन स्वतः लावते. म्हणून पुनर्वाचनात ते आधी टाकून द्यायचे आणि फाइलीत तसे आढळले तरच पुन्हा लावायचे. म्हणजे ‘फाइलीवरून काढलेले’ आणि ‘माणसाने दिलेले’ हा भेद साधनाच्या कर्त्यांना पक्का ठाऊक होता. फक्त टॅगांच्या बाबतीत तो तीन नावांच्या तपासणीत दडला होता.

जरा पुढे वाचले तर तोच भेद अधिक मोकळेपणाने मांडलेला सापडला. नॉटमचमध्ये टॅगांखेरीज प्रॉपर्टी नावाची सोय आहे: पत्राला चिकटवलेली नाव आणि मूल्य यांची जोडी. एकाच नावाची अनेक मूल्ये चालतात, नावात बरोबरचे चिन्ह चालत नाही, आणि मूल्याचे तुकडे न पडता ते अखंड जुळवले जाते. टॅगांच्या यादीत प्रॉपर्टी दिसत नाही. आणि तिच्या माहितीपानावर नियम स्पष्ट दिला आहे: ज्या प्रॉपर्टीचे नाव ‘इंडेक्स.’ ने सुरू होते ती रीइंडेक्सच्या वेळी पुसली जाते, बाकीच्या राहतात.

अगोदर माहितीपान वाचले असते तर हे आधीच कळले असते. पण खरे सांगायचे तर तेव्हा वाचले असते तरी त्या ओळीचे मोल कळले नसते. ती ओळ त्या वाया गेलेल्या दोन संध्याकाळींनंतरच अर्थपूर्ण वाटते.

दुसरा आणि तिसरा प्रयत्न

दुसरा प्रयत्न थोडक्यात सांगतो, कारण तो घाईचा होता. टॅगांच्या जागी ‘संदर्भ’ नावाची प्रॉपर्टी केली आणि यादीतली गर्दी गेली. पण नाव साधे असल्यामुळे रीइंडेक्सनंतरही जुनी मूल्ये तशीच राहत आणि नमुना सुधारल्यावर शिळी व ताजी मूल्ये एकत्र नांदत. जुनाच आजार नव्या घरात आला होता.

तिसऱ्या रचनेत दोन नावे ठेवली. यंत्राने काढलेला क्रमांक ‘इंडेक्स.संदर्भ’ या नावाखाली जातो आणि माणसाने दिलेला नुसत्या ‘संदर्भ’ या नावाखाली. शोधताना एक छोटी आज्ञा क्रमांकाला ठरीव रूप देते आणि दोन्ही नावांवर एकदम विचारणा करते, त्यामुळे वापरणाऱ्याला हा भेद दिसत नाही. पुसताना मात्र तो पुरेपूर उपयोगी पडतो: स्क्रिप्टला पहिल्या नावाखालचे काहीही केव्हाही पुसण्याची मुभा आहे, दुसऱ्या नावाला तिने हात लावायचा नाही. प्रॉपर्टी लावण्यासाठी साधनाची स्वतंत्र आज्ञा नाही. ते काम लायब्ररीमार्फत किंवा बॅकअप परत भरणाऱ्या रिस्टोर आज्ञेतून होते. सहकाऱ्यासाठी म्हणून हाताने क्रमांक देण्याची दोन ओळींची वेगळी आज्ञा करून दिली.

एक अडचण उरली. रीइंडेक्सने ‘इंडेक्स.’ची मूल्ये पुसली तर ती परत कोण भरणार? पोस्ट-न्यू हुक नवी पत्रे आल्यावर चालतो, रीइंडेक्सनंतर नाही. यावर जो उपाय सापडला तो या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला तुकडा आहे. स्क्रिप्ट ज्या पत्राची तपासणी करते त्यावर, क्रमांक सापडो वा न सापडो, ‘इंडेक्स.संदर्भ-आवृत्ती’ अशी आणखी एक प्रॉपर्टी ठेवते आणि तिचे मूल्य म्हणजे नमुन्याचा चालू आवृत्ती क्रमांक, समजा ३. मग प्रत्येक वेळी स्क्रिप्टने विचारायचे ते एवढेच: ज्यांच्यावर ही प्रॉपर्टी ३ नाही अशी सगळी पत्रे दे. नवे आलेले पत्र त्यात येते, कारण त्यावर खूणच नाही. रीइंडेक्स झालेले पत्र येते, कारण त्याची खूण पुसली गेली. आणि नमुना सुधारून आवृत्ती ४ केली की संपूर्ण संग्रह येतो. तीन वेगळ्या प्रसंगांसाठी तीन वेगळे रस्ते लिहिण्याची गरज राहिली नाही. काम अर्ध्यावर वीज गेली तरी उरलेली पत्रे पुढच्या खेपेस आपोआप हाती लागतात.

याच खेपेस पहिल्या स्क्रिप्टमधली एक लाजिरवाणी चूक उघडी पडली. पत्राची फाइल मागण्याचे लायब्ररीत दोन मार्ग आहेत: एक मार्ग एकच फाइल देतो, दुसरा सगळ्या. मी पहिला वापरला होता. म्हणजे आधी भेटलेल्या फाइलीपुरतेच पाहायचे, ही ज्या दोषाने सगळे सुरू झाले तीच खोड माझ्या स्क्रिप्टलाही होती, आणि ती मी त्या दोषाचे निदान स्वतः केल्यानंतर लिहिली होती. आता स्क्रिप्ट पत्राच्या प्रत्येक फाइलीतून क्रमांक काढून एकत्र करते.

लॉक

जोडलेल्या पीडीएफमधला मजकूरही तपासायचे ठरले तेव्हा वेगाचा प्रश्न आला. नॉटमच मजकूर स्वरूपाच्या भागांचा इंडेक्स करतो. इतर जोडफाइलींचे नाव तेवढे शोधता येते, आतला मजकूर नाही. पीडीएफमधून मजकूर काढणे हे काम आम्ही स्क्रिप्टवर सोपवले, आणि ते संथ असते. झेपियनमध्ये एका वेळी एकालाच डेटाबेसमध्ये लिहिता येते; तोवर लिहू पाहणाऱ्या इतरांसाठी तो लॉक असतो. स्क्रिप्ट सुरुवातीलाच लिहिण्यासाठी डेटाबेस उघडत असल्यामुळे, ती एखाद्या जाड पीडीएफशी झुंजत असताना नवे टपाल इंडेक्स करणारी आज्ञा दारात ताटकळत राही, आणि वापरणाऱ्याला वाटे की मेलच बंद पडला.

म्हणून कामाचे दोन भाग केले. पहिल्या भागात डेटाबेस केवळ वाचण्यासाठी उघडायचा, आयडी आणि फाइलींची नावे घ्यायची, डेटाबेस बंद करायचा आणि मग सावकाश फाइली वाचायच्या. दुसऱ्या भागात तयार उत्तरे हातात घेऊन, लिहिण्यासाठी डेटाबेस उघडून, काही शे पत्रांच्या खेपा झटपट लिहायच्या आणि लगेच बंद करायचा. वाचणाऱ्याने डेटाबेस उघडा ठेवून चालत नाही त्याला आणखी एक कारण आहे. झेपियन वाचणाऱ्याला डेटाबेसची उघडतेवेळची स्थिती दाखवतो, पण मधल्या काळात लिहिणाऱ्याने दोन वेळा बदल पक्के केले तर ती जुनी स्थिती टिकेल याची हमी नसते आणि डेटाबेस बदलल्याची त्रुटी येते. तेव्हा तो पुन्हा उघडून प्रश्न नव्याने विचारावा लागतो. ही त्रुटी चाचणीत कधी येत नाही आणि वर्दळीच्या सकाळी हमखास येते.

काय मूळ प्रकल्पात न्यावे, काय नाही

क्रमांक ओळखण्याचे काम साधनाच्या सी कोडमध्येच घालावे, म्हणजे रीइंडेक्सबरोबर ते आपोआप होईल, असा एक विचार झाला. मी त्याविरुद्ध होतो. आमच्या क्रमांकाचे रूप हे आमचे आहे. सार्वजनिक साधनात त्याचे ओझे इतरांनी का वाहावे? शिवाय पत्रातल्या एखाद्या नेहमीच्या हेडरवर शोध हवा असेल तर त्यासाठी कोडला हात लावावाच लागत नाही: हेडरचे नाव सेटिंगमध्ये दिले की पुढच्या इंडेक्सपासून तो स्वतंत्रपणे शोधता येतो. आमचा क्रमांक हेडरमध्ये असता तर हे प्रकरण त्या एका ओळीत संपले असते. क्रमांक हेडर म्हणून पत्राच्या फाइलीत घालावा, अशीही सूचना एकाने केली. ती तत्काळ नाकारली. संग्रहातल्या पत्राचा मजकूर एकदा बदलला की ते आलेले पत्र राहत नाही, आणि त्यावरची डिजिटल स्वाक्षरी व फाइलीची ओळख यांचा भरवसा प्रत्येक ठिकाणी नव्याने तपासावा लागतो.

तेव्हा जोड बाहेरच राहिली. मात्र चाचण्या लिहिताना प्रकल्पाची पद्धत उचलली. त्याच्या चाचण्या शेल स्क्रिप्टमध्ये, गिटच्या चाचण्यांच्या धर्तीवर आहेत, आणि तिथे एक चांगली रीत आहे: दोष सापडला की आधी तो दाखवणारी चाचणी ‘ज्ञात दोष’ अशी खूण करून लिहायची, आणि दुरुस्ती करणाऱ्या पुढच्या बदलात ती खूण काढायची. आमची पहिली अशी चाचणी दोन फाइलींची होती, आयडी एक, क्रमांक दुसऱ्या फाइलीत. नॉटमच जीपीएल आवृत्ती ३ किंवा पुढील या परवान्याखाली आहे. त्याच्या लायब्ररीवर चालणारी आमची स्क्रिप्टही आम्ही त्याच परवान्याखाली ठेवली, जेणेकरून ती कोणाला देताना पुन्हा विचार करावा लागू नये.

बॅकअपबाबत एक सावधगिरी मागाहून कळली. डंपमध्ये प्रॉपर्टीही जातात. कूटबद्ध पत्रांचा उलगडा करून इंडेक्स करण्याची सेटिंग चालू असेल तर त्या पत्रांच्या सेशन-की प्रॉपर्टी म्हणूनच साठवल्या जातात, आणि मग डंपची साधी दिसणारी मजकूर-फाइल त्या पत्रांच्या किल्ल्यांचा जुडगा बनते. आम्ही ती फाइल सामायिक गिटमध्ये ठेवत होतो. आमच्याकडे ती सेटिंग बंद होती, पण हे तपासेपर्यंतची पाच मिनिटे बरी गेली नाहीत. आता गिटमध्ये फक्त टॅगांचा डंप जातो. माणसाने दिलेल्या ‘संदर्भ’ प्रॉपर्टींचा बॅकअप वेगळा निघतो, आणि ‘इंडेक्स.संदर्भ’चा काढतच नाही.

एक जागा अजून उघडी आहे. काही जुन्या पत्रांत मेसेज-आयडीच नाही. अशा पत्राला नॉटमच फाइलीच्या मजकुराच्या शा-१ वरून (मजकुरातून गणिताने काढलेल्या ठशावरून) स्वतः आयडी देतो. एकाच पत्राच्या दोन प्रतींच्या तळाशी वेगळी सूचना असेल तर शा-१ वेगळा येतो, ती दोन वेगळी पत्रे ठरतात, आणि क्रमांक एकीलाच मिळतो. मजकुराच्या साम्यावरून त्यांची जोडी लावण्याचा विचार करून पाहिला. पण त्यात दोन निराळी पत्रे एक ठरण्याचा धोका होता, आणि त्यातून होणारे नुकसान एकाच पत्राच्या दोन नोंदी दिसण्यापेक्षा जास्त वाटले. अशी पत्रे मोजकी आहेत. ती आढळली की सहकारी त्यांना हाताने ‘संदर्भ’ देतो, आणि स्क्रिप्ट त्या नावाला हात लावत नाही.